भाकरी, जमीन आणि दाखला : मराठवाड्यातल्या ख्रिस्ती वादाची पार्श्वभूमी

जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. नाव बायबलच्या जुन्या करारातलं, अर्थ ‘देवाचं घर’. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ती वसवली. शेषाद्री ब्राह्मण घरातले, मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडे शिकलेले. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८६० च्या दशकात ते जालन्यात कामाला आले. त्यांच्याकडे येणारी माणसं बहुतेक महार-मांग समाजातली. गावकीची कामं आणि त्या बदल्यात मिळणारं बलुतं, यावरच त्यांचं पोट चालायचं. धर्म बदलला की बलुतं तुटायचं. अशा माणसाला नुसता उपदेश पुरत नाही, आणि रोजची भीक घातली तर तो कायमचा मिंधा होतो. शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि तिथं गाव उभं केलं. मराठवाड्यात पैसा, गरिबी आणि ख्रिस्ती धर्म यांवर पुढं जे काही बोललं गेलं, त्याची सुरुवात मला या जमिनीच्या तुकड्यापासून दिसते.

गरिबाला दान द्यावं की स्वतःच्या पायावर उभं करावं, हा वाद मूळ शास्त्रातच आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, “अहो दीनांनो, तुम्ही धन्य, कारण देवाचे राज्य तुमचे आहे.” मत्तयात तेच वाक्य ‘आत्म्याने दीन’ असं होतं, आणि तेवढ्यानं श्रीमंताला जागा मिळते. प्रेषितांच्या कृत्यांत पहिली मंडळी जमीनजुमला विकून सगळं समाईक ठेवते. प्रेषित पौल मात्र थेस्सलनीका गावच्या मंडळीला लिहितो, “कोणाला काम करण्याची इच्छा नसेल तर त्याने खाऊही नये.” पुढच्या शतकांत सरकारनं गरिबाला पोसावं म्हणणाऱ्यांनी आणि पोसू नये म्हणणाऱ्यांनी यातली आपापली वचनं उचलली. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात मजुराला जगण्यापुरतं वेतन मिळणं हा न्याय आहे असं सांगितलं आणि त्याच कागदात खासगी मालमत्तेचा हक्कही उचलून धरला.

आपल्याकडे हा प्रश्न पोथीतून आला नाही, दुष्काळातून आला. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, आणि लगेच १८९९-१९०० चा. दख्खनमध्ये मिशनांनी अन्न वाटलं, अनाथ मुलं सांभाळली, त्यांना सुतारकाम, विणकाम शिकवलं. याच काळात लोकांच्या तोंडी एक शब्दप्रयोग बसला : पोटासाठी बाटलेले. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्याजवळ जावंसं वाटलं, तर त्यात लाज कोणाची? ज्यानं दिली त्याची नाही, ज्यानं खाल्ली त्याचीही नाही. पण भाकरी एकाच हातून येत राहिली की खाणाऱ्याला बोलता येत नाही, हेही खरंच.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे मिंधेपण बोचलं. कविमन, स्वाभिमानी माणूस. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. पगारी धर्मसेवेतून इथल्या मातीतला ख्रिस्ती समाज उभा राहणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती.

याहून कठोर प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. मिशनऱ्यांच्या शाळा आणि दवाखाने त्यांनी नाकारले नाहीत. पण धर्मांतरित अस्पृश्याला त्याची दुर्दशा पापामुळे झाली असं शिकवलं गेलं, समाजरचनेमुळे झाली असं नाही. म्हणून तो अन्यायाविरुद्ध उठला नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली, आणि १९५६ नंतर मराठवाड्यातल्या हजारो घरांनी बुद्धाची वाट धरली. चर्चला आत्मपरीक्षण करायला लावणारी याहून मोठी घटना इथं घडलेली नाही.

मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायची कामं, लाल मिलो म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, सुकडी म्हणजे मजुरांना वाटलेला पौष्टिक खाऊ. आमच्याकडे हे शब्द अजून जिवंत आहेत. याच दुष्काळातून पुढं रोजगार हमीचा कायदा आला. फुकट धान्य की कामाचा हक्क, या प्रश्नाचं उत्तर राज्यानं दिलं. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० पासून काम करत होते. दोघंही वेल्लोरला शिकलेले, श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांनी गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर आणि दलित बायकांना आरोग्यसेविका केलं. दुष्काळात हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसवायचा आग्रह धरला. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथं यायचं. दान देण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगरकडून पाणलोटाचं काम पसरवलं. त्यात गावाचं श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी अशा अटी होत्या. पौलाच्या वचनाची आठवण व्हावी अशाच. विहिरींना पाणी आलं, पण ज्याला शेतच नाही आणि चार शेळ्यांवर ज्याचं घर चालतं, त्याचं चराईबंदीत काय होतं, हा प्रश्न या कामात पहिल्यापासून आहे.

सगळ्यात जुनी गाठ मात्र सरकारी कागदावर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात ते ओबीसीत धरले जातात. १९८५ मध्ये सुसाई या दलित ख्रिस्ती माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं धर्मांतरानंतरही तोच जाच तितकाच राहतो याचा पुरावा मागितला. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अट काढायची शिफारस केली, ती अमलात आली नाही. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला गेला. मधल्या काळात कितीतरी घरांत मुलाचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत नोंदला गेला आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ लिहिलं गेलं. शिष्यवृत्तीसाठी आईबापांना तो रकाना तसा भरावा लागला.