सॉव्हरिन हिल

सॉव्हरिन हिल हे ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील बॅलरॅट येथील खुले संग्रहालय. 1851 मध्ये या भागात सोने सापडले आणि जगभरातून माणसे धावत आली. त्या धामधुमीच्या पहिल्या दहा वर्षांतले गाव येथे नव्याने वसवले आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी ते लोकांसाठी खुले झाले. ते एक ना-नफा संस्था चालवते. मेलबर्नहून मोटारीने साधारण दीड तासात येथे पोहोचता येते.

मुख्य रस्त्यावरची दुकाने जुनी दिसत असली, तरी जुनी चित्रे, छायाचित्रे आणि कागदपत्रे पाहून ती विसाव्या शतकात बांधलेली आहेत. जमीन मात्र खरीखुरी खाणीची आहे. कच्च्या रस्त्यावरून घोडागाड्या धावतात, झग्यातल्या बायका आणि उंच टोपीतले पुरुष येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारतात, लाल डगल्यातले शिपाई बंदुकांचे बार काढतात. मेणबत्त्या ओतणारे, गाडीची चाके घडवणारे, उकळत्या पाकाच्या गोळ्या करणारे कारागीर समोरच काम करत असतात. सोने वितळवून त्याची वीट ओतण्याचे प्रात्यक्षिकही होते. शाळेची मुले त्या काळचे कपडे घालून येथल्या वर्गात बसतात.

सर्वांत जास्त गर्दी असते ती ओढ्याकाठी. पसरट थाळीत वाळू-खडी घ्यायची, ती पाण्याखाली धरून घोळायची आणि थाळी किंचित कलती करून वरचा गाळ वाहू द्यायचा. सोने वाळूच्या सातपट जड असल्याने तळाशी राहते. आपल्याकडे सोनारांच्या दुकानातली धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी याच गुणावर पोट भरत. येथे सापडलेला कण पर्यटकाला घरी नेता येतो. अर्थात तो ओढ्यात संग्रहालयानेच टाकलेला असतो, आणि हे कोणी लपवतही नाही.

या खेळामुळे सोने असे ओढ्यात सहज मिळे, असा गैरसमज मात्र होतो. बॅलरॅटमध्ये वरवरचे सोने लवकर संपले. उरलेले होते जुन्या, गाडल्या गेलेल्या नद्यांच्या पात्रात, खोल जमिनीखाली. तेथवर पोहोचायला विहिरीसारखा खड्डा खणायचा, बाजूंना लाकडांचा आधार द्यायचा आणि आत झिरपणारे पाणी उपसत राहायचे. त्यात कित्येक महिने जात, आणि शेवटी खड्ड्यात सोने नसेही. 1858 मध्ये सापडलेला सुमारे 69 किलोचा ‘वेलकम नगेट’ हा गोळाही जमिनीखाली पन्नासएक मीटरवरच मिळाला. संग्रहालयातल्या भूमिगत खाणीची फेरी केल्याशिवाय या गावाचा अर्थ लागत नाही, तो यामुळेच.

इतके खणूनही सोने मिळो न मिळो, सरकारला परवान्यापोटी सुरुवातीला दरमहा 30 शिलिंग, म्हणजे दीड पौंड, मोजावे लागत. घामाने निथळणाऱ्या माणसाला खड्ड्यातून वर बोलावून पोलीस परवाना मागत. ते दिसताच खाणवाले ‘जो! जो!’ अशी आरोळी ठोकून एकमेकांना सावध करत. व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीचा प्रमुख चार्ल्स जोसेफ ला ट्रोब, त्याच्या नावावरून ही आरोळी आली. हा संताप वाढत गेला आणि 3 डिसेंबर 1854 च्या पहाटे बॅलरॅटमधल्या युरेका येथे खाणवाल्यांच्या तटबंदीवर सरकारी सैन्य चालून गेले. लढाई लवकर आटोपली, पण वीसहून अधिक माणसे मेली. पुढे मासिक परवाना गेला, त्याच्या जागी वर्षाला एक पौंडाचे हक्कपत्र आले. खाणवाल्यांचा नेता पीटर लेलर त्या लढाईत एक हात गमावून बसला आणि वर्षभरातच विधिमंडळात पोहोचला. युरेकाचे मूळ ठिकाण सॉव्हरिन हिलच्या आवारात नाही. बॅलरॅटमध्येच ते वेगळे पाहावे लागते.

चिनी खाणकामगारांच्या छावणीची प्रतिकृतीही येथे आहे. धावत फिरणाऱ्यांनी निदान तिच्यासाठी थांबावे. 1855 मध्ये व्हिक्टोरियाने जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 10 पौंड कर बसवला. तो चुकवण्यासाठी हजारो जण शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरले आणि तेथून शेकडो किलोमीटर पायपीट करून सोन्याच्या मुलखात पोहोचले.