बायस समायोजन (वॉल्व्ह गिटार ॲम्प्लिफायर)

पॉवर वॉल्व्हच्या (स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या शेवटच्या निर्वात नळीच्या) ग्रिडला, म्हणजे तिच्यातील प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीला, मिळणारे ऋण व्होल्टेज (बायस) कमीजास्त करता यावे म्हणून ॲम्प्लिफायरच्या मंडलात केलेली सोय. १९५० च्या दशकातील मंडलांबरहुकूम नवा ॲम्प्लिफायर बांधताना मूळ आराखड्यात जे थोडे बदल सर्रास केले जातात, त्यांत हा एक होय.

‘फिक्स्ड बायस’ ही संज्ञा नवशिक्याला हमखास चकवते. येथे ‘फिक्स्ड’ म्हणजे न बदलता येणारे नव्हे. ग्रिडचे व्होल्टेज वॉल्व्हच्या स्वतःच्या प्रवाहातून न येता स्वतंत्र पुरवठ्यातून येते, एवढाच त्याचा अर्थ. बॅटरीवरच्या जुन्या रेडिओत फिलॅमेंटला (तापणाऱ्या तारेला) ‘ए’, प्लेटला (प्रवाह गोळा करणाऱ्या पत्र्याला) ‘बी’ आणि ग्रिडला ‘सी’ बॅटरी असे. हा पुरवठा त्या ‘सी’ बॅटरीचाच वारस. कॅथोड रेझिस्टरवर, म्हणजे वॉल्व्हच्या स्वतःच्या प्रवाहातून बायस मिळवून, चालणाऱ्या फेंडर चॅम्प ५एफ१ किंवा डीलक्स ५ई३ या मंडलांना प्रस्तुत बदल लागू नाही.

फेंडर बासमन ५एफ६-ए (सुमारे १९५८–६०) या मंडलात ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या टॅपवरून सेलेनियम रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग), १५ किलोओहम मालिकेत आणि ५६ किलोओहम जमिनीकडे, अशी विभागणी करून ग्रिडला सुमारे −४८ व्होल्ट दिले जात, पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) नव्हता. तो का नव्हता, याविषयी दोन मते आहेत. त्या काळचे वॉल्व्ह एकमेकांशी पुरेसे जुळणारे असल्याने गरजच पडली नाही, असे एक मत. सुट्या भागांचा खर्च आणि जुळणीचा वेळ वाचवला, हे दुसरे. दुसरे अधिक सयुक्तिक वाटते, कारण दोन रेझिस्टरांत काम भागत होते. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये आकाराला आलेला मार्शल जेटीएम४५ याच बासमनवर बेतलेला आहे. फेंडरच्या १९६३ नंतरच्या ‘ब्लॅकफेस’ (काळ्या दर्शनी पट्टीच्या) मंडलांत १० किलोओहमचा पॉट दिसतो. १९६८ च्या काही मंडलांत मात्र पॉटचे काम बदलले: तो एकूण प्रवाह न बदलता दोन वॉल्व्हमधला समतोल साधतो.

५एफ६-ए मध्ये बदल करण्याची सुरक्षित रीत अशी : ५६ किलोओहमचा रेझिस्टर काढून त्याजागी ३३ किलोओहमचा रेझिस्टर आणि ५० किलोओहमचा लिनिअर पॉट मालिकेत बसवावा. पॉटचे मधले टोक कडेच्या एका टोकाला जोडून टाकावे. १५ किलोओहमच्या रेझिस्टरआधीचे व्होल्टेज सुमारे −६१ असल्यास ग्रिडला −४२ ते −५२ व्होल्टचा पल्ला मिळतो. मधल्या टोकाचा स्पर्श सुटला तरी पॉटचा पूर्ण रोध मंडलात राहतो, व्होल्टेज अधिक ऋण होते, प्रवाह घटतो आणि वॉल्व्ह वाचतात. ब्लॅकफेस पद्धतीत ग्रिडचा पुरवठा मधल्या टोकावरूनच निघतो. तेथे स्पर्श सुटला की बायस नाहीसा होऊन प्लेटी काही क्षणांत लाल होतात. त्यावर उपाय म्हणून मधले टोक आणि पॉटचे अधिक ऋण टोक यांमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर टाकतात.

सेलेनियमऐवजी १एन४००७ डायोड लावल्यास व्होल्टेज काहीसे अधिक ऋण होते, म्हणजे जुने ठरीव आकडे तसेही जुळत नाहीत. मूळच्या ८ मायक्रोफॅरडऐवजी ४७ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा कपॅसिटर चालतो. त्याचे धन टोक चॅसिसकडे जाते. सवयीने ते उलटे जोडणे ही नेहमीची चूक.

मापनासाठी प्रत्येक पॉवर वॉल्व्हच्या ८ क्रमांकाच्या पिनेपासून (कॅथोडपासून) चॅसिसपर्यंत १ ओहमचा, १ टक्का अचूकतेचा रेझिस्टर लावतात. त्यावरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. प्रथम पॉवर वॉल्व्ह न बसवता चालू करून ५ क्रमांकाच्या पिनेवर (ग्रिडवर) ऋण व्होल्टेज खरोखर पोहोचते का ते पाहावे आणि पॉट सर्वांत ऋण बाजूला ठेवावा. मग बंद करून, फिल्टर कपॅसिटर रिकामे करून, स्पीकर जोडून वॉल्व्ह बसवावेत. दहाएक मिनिटांनी प्रवाह हळूहळू वाढवावा. ५८८१ या पॉवर वॉल्व्हची प्लेट-क्षमता (प्लेट सोसू शकेल ती उष्णता) २३ वॉट. तिचे ७० टक्के म्हणजे सुमारे १६ वॉट, आणि ४३० व्होल्टला प्रवाह ३७ मिलिअँपिअर. ३० वॉटच्या ६एल६जीसी या वॉल्व्हला हाच हिशेब ४९ वर नेतो. प्रवाह वाढला की प्लेट व्होल्टेज उतरते, त्यामुळे दोन-तीनदा मोजावे लागते. कॅथोडच्या आकड्यात स्क्रीनचा (वॉल्व्हमधील दुसऱ्या जाळीचा) प्रवाहही असतो, म्हणून खरी प्लेट-वॉट थोडी कमीच निघते. ७० टक्के ही वरची मर्यादा मानावी. गाठायचेच लक्ष्य मानू नये. ६० ते ६५ टक्क्यांना आवाज पुरेसा भरीव राहतो आणि वॉल्व्हही टिकतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला समांतर मीटर लावून मोजण्याची जुनी रीतही आहे. पण तिथे मीटरच्या टोकांवर पूर्ण प्लेट व्होल्टेज असते, आणि १ ओहमचा रेझिस्टर असताना तो धोका पत्करण्याचे कारण नाही.

प्रवाह एकाच बाजूला हळूहळू चढत राहिल्यास दोष पॉटमध्ये न शोधता फेज इन्व्हर्टरकडून (दोन पॉवर वॉल्व्हना परस्परविरुद्ध संकेत देणाऱ्या टप्प्याकडून) येणारा कपलिंग कपॅसिटर गळतो का ते पाहावे. पॉवर वॉल्व्ह काढून कपॅसिटरच्या ग्रिडकडील बाजूला बायसपेक्षा कमी ऋण व्होल्टेज आढळले तर तो कपॅसिटर बदलावा. फेंडरने वापरलेले २२० किलोओहमचे ग्रिड रेझिस्टर ६एल६जीसीच्या उत्पादकाच्या तक्त्यातील १०० किलोओहमच्या मर्यादेपेक्षा मोठे आहेत. वॉल्व्ह जुना होऊन ग्रिडमधून थोडा जरी प्रवाह वाहू लागला, तर या मोठ्या रोधामुळे बायस ढळतो व प्रवाह आणखी चढतो. पॉट कितीही फिरवला तरी अशा वॉल्व्हचा प्रवाह स्थिर राहत नाही.