घराघरांतलं आणि दर्दींचं: अ‍ॅनिमेतल्या आवडीनिवडींची पार्श्वभूमी

६ ऑक्टोबर १९७४, रविवार. संध्याकाळी साडेसात वाजता जपानमध्ये दोन चॅनेलवर दोन कार्टून मालिका समोरासमोर आल्या. फुजी टीव्हीवर ‘हायडी’ जानेवारीपासूनच चालू होती. आल्प्सच्या डोंगरात आजोबांकडे राहायला आलेली अनाथ मुलगी, शेळ्या, कुरण, आणि प्रायोजक म्हणून कॅल्पिस हे दुधाळ पेय विकणारी कंपनी. दुसरीकडे योमिउरी टीव्हीची ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ त्याच दिवशी सुरू झाली. १९४५ मध्ये बुडालेली यामातो ही खरीखुरी युद्धनौका समुद्रतळातून उठते, तिचं अवकाशयान होतं आणि ती पृथ्वीला वाचवायला निघते, अशी गोष्ट. घरात टीव्ही एकच, आणि रविवारच्या जेवणाच्या वेळी कोणतं चॅनेल लावायचं हे ठरवणार आई-वडील. हायडीने बाजी मारली. ३९ भागांची ठरलेली यामातो २६ भागांतच गुंडाळावी लागली.

अ‍ॅनिमेत (म्हणजे जपानी कार्टून मालिका-चित्रपटांत) ‘मेनस्ट्रीम की कल्ट’ हा वाद आजही हिरिरीने चालतो, आणि तो बहुतेक वेळा आवडीनिवडीचा वाद म्हणून चालतो. मला गाजलेलं आवडतं, तुला आडवाटेचं आवडतं, झालं. पण ही रेघ प्रेक्षकांच्या आवडीने फार कमी वेळा आखली गेली आहे. मालिका किती वाजता लागते, तिचे पैसे कोण देतो आणि त्या बदल्यात त्याला काय विकायचं आहे, यावर ती ठरत आली. पैसे देणारा बदलला की रेघही सरकली.

सुरुवात चित्रकथाकार ओसामू तेझुकांपासून करावी लागते. १ जानेवारी १९६३ रोजी त्यांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘तेत्सुवान आतोमू’, म्हणजे जगाला माहीत असलेला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’, टीव्हीवर आली. जपानमध्ये दर आठवड्याला अर्धा तास अ‍ॅनिमेशन तोवर कुणी करून दाखवलं नव्हतं. तेझुकांनी मालिका चॅनेलला खर्चापेक्षा कमी दरात दिली. चित्रं वाचवण्यासाठी नुसते ओठ हलवले, एकदा काढलेली उड्डाणाची दृश्यं पुन्हापुन्हा वापरली आणि तूट वस्तूंच्या विक्रीतून भरून काढली. मेइजी कंपनीच्या चॉकलेटबरोबर आतोमूचे स्टिकर मिळायचे, त्यासाठी मुलं चॉकलेट घ्यायची. तेव्हापासून टीव्हीवरचं अ‍ॅनिमे दुसऱ्या कुठल्यातरी वस्तूच्या खपावर जगू लागलं. मेनस्ट्रीम म्हणजे काय, याचं साधं उत्तर त्या काळात होतं: सगळं घर जेवताना एकत्र बघेल आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन काहीतरी विकत घेईल असं. ‘साझाए-सान’ ही मालिका ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी साडेसहाला चालू आहे. आजी-आजोबा, लेकी-जावई, नातवंडं एका छपराखाली राहतात आणि रोजच्या बारीकसारीक कटकटी होतात, यापलीकडे तिच्यात काही घडत नाही. अ‍ॅनिमेतली मुख्य प्रवाहातली मालिका कोणती, असं जपानी माणसाला विचारलं तर ही. आपल्याकडच्या अ‍ॅनिमेवेड्यांपैकी किती जणांनी तिचा एक तरी भाग पाहिला असेल? एकूणच परदेशी चाहत्यांनी मेनस्ट्रीम म्हणून जे धरलं आहे, ते जपानचं मेनस्ट्रीम असतंच असं नाही.

पण यामातो मेली नाही. पुनःप्रक्षेपणात तिला नवे प्रेक्षक मिळाले, आणि ते वयाने मोठे होते: हायस्कूल-कॉलेजातली पोरं. त्यांनी चाहत्यांची मंडळं काढली, हाताने छापलेली नियतकालिकं काढली, रेडिओला आणि चॅनेलला पत्रं धाडली. ऑगस्ट १९७७ मध्ये मालिकेचे तुकडे जोडून चित्रपट लावला, तेव्हा थिएटरबाहेर आदल्या रात्रीपासून रांगा होत्या. कार्टून बघायला मुलांना घेऊन पालक आलेले नव्हते, पोरं आपली आपण आली होती. पुढच्याच वर्षी तोकुमा शोतेन या प्रकाशनाने ‘अ‍ॅनिमेज’ हे मासिक काढलं. दिग्दर्शकाचं नाव बघून मालिका निवडणारा प्रेक्षक तयार झाला होता आणि त्याच्या खिशात पैसे होते.

गुंडमच्या वेळी तेच नाटक पुन्हा रंगलं. एप्रिल १९७९ मध्ये सुरू झालेल्या ‘मोबाइल सूट गुंडम’चा प्रायोजक क्लोव्हर हा खेळणी बनवणारा होता. त्याला लहान मुलांना विकायला यंत्रमानव हवे होते. दिग्दर्शक योशियुकी तोमिनोंनी त्याला युद्धाने पिचलेली, आपसांत भांडणारी माणसं दिली. ५२ भागांची मालिका ४३ वर आटोपली. मग १९८० च्या जुलैत बांदाईने गुंडमची जोडायची प्लास्टिकची प्रतिकृती आणली, किंमत ३०० येन, आणि ती घ्यायला मोठी पोरं दुकानांवर तुटून पडली. मालिका तीच होती. खेळण्याच्या दुकानात आपटलेली मालिका मॉडेलच्या दुकानाने तारली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हेच तोमिनो १९७४ मध्ये हायडीसाठी स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचे कच्चे आराखडे, काढत होते. बनवणाऱ्यांच्या जगात ही भिंत कधीच फारशी पक्की नव्हती. हायडी ‘घरगुती’ म्हणून बाजूला काढली जाते तेही मला पटत नाही. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता आणि दृश्यरचना करणारे हायाओ मियाझाकी मालिकेआधी स्वित्झर्लंडला जाऊन घरं, गवत, उजेड बघून आले होते. आजोबा चीजचा तुकडा विस्तवावर धरतात, त्याची कड मऊ होते, फुगते, ओघळायला लागते आणि ते अलगद पावावर उतरवतात. रोबो आणि राक्षसांच्या त्या काळात नुसत्या चीजवर एवढा वेळ घालवणं हे धाडस होतं, आणि जपानच्या एका पिढीला ते चीज अजून आठवतं. यामातो आज बघायला बसलं तर बरीच जुनाट वाटते. हायडी वाटत नाही.

कल्ट हा वेगळा कप्पा खऱ्या अर्थाने बनवला तो व्हिडिओ कॅसेटने. डिसेंबर १९८३ मध्ये मामोरू ओशींची ‘डॅलोस’ टीव्हीला वगळून थेट कॅसेटवर आली. ओव्हीए म्हणतात तो हा प्रकार. कॅसेट महाग, दहा हजार येनांच्या आसपास, त्यामुळे घेणारे थोडे. पण थोडे पुरत होते. चॅनेल नाही, प्रायोजक नाही, जेवणाच्या वेळी लाजायला लावणारं काही दाखवलं म्हणून ओरडणारे पालक नाहीत. याचा फायदा घेऊन पुष्कळ टुकार रक्तपात आणि अंगप्रदर्शन बाजारात आलं, आणि त्यातलं बरंच ‘कल्ट’ या लेबलाखाली आजही खपतं. पण याच वाटेने १९८५ मध्ये ‘एंजल्स एग’ही आली. दिग्दर्शक ओशी, चित्रकल्पना योशिताका आमानोंची, लांबी ७१ मिनिटं. ओस पडलेल्या शहरात एक मुलगी झग्याखाली मोठं अंडं जपत काचेच्या बाटल्यांत पाणी गोळा करते. खांद्यावर क्रुसासारखं शस्त्र घेतलेला एक सैनिक तिच्या मागे येतो. रात्री रस्त्यातून भाले घेतलेले कोळी धावत सुटतात, कारण घरांच्या भिंतींवर प्रचंड माशांच्या सावल्या पोहत असतात. मासे नाहीतच, नुसत्या सावल्या, आणि भाले भिंतीवर आपटत राहतात. संवाद मोजके. लोकांना काही कळलं नाही आणि पुढे काही काळ आपल्याला काम मिळेना, असं ओशींनीच सांगितलं आहे. त्याआधी ‘उरुसेई यात्सुरा’ ही लोकांनी डोक्यावर घेतलेली विनोदी मालिका दिग्दर्शित करणारे हेच गृहस्थ होते, आणि १९९५ मध्ये ‘घोस्ट इन द शेल’ करणारेही हेच.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ टीव्ही टोकियोवर संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे मुलांच्या वेळेत, सुरू झाली. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. प्रचंड यंत्रं, शत्रू, चौदा वर्षांचे पायलट, सगळा नेहमीचा मसाला. मार्च १९९६ मधल्या शेवटच्या दोन भागांत मात्र लढाई गायबच झाली. अंधाऱ्या रंगमंचावर त्यातला पायलट शिन्जी एका घडीच्या खुर्चीत बसलेला, पडद्यावर प्रश्नांच्या पाट्या, पेन्सिलीची कच्ची चित्रं, छायाचित्रं. आणि शेवटी सगळी पात्रं त्याच्याभोवती उभी राहून टाळ्या वाजवत ‘अभिनंदन’ म्हणतात. चाहते चवताळले. १९९७ मध्ये चित्रपटातून वेगळा शेवट दाखवला गेला तेव्हा कुठे थोडं शमलं. शमलं असंही म्हणवत नाही, तो शेवट जास्तच भीषण होता. पण धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच. चित्रपटाआधी टीव्ही टोकियोने मालिका मध्यरात्रीनंतर पुन्हा दाखवली आणि त्या वेळेलाही लोक जागे राहून बघतात असं दिसलं.

मग रात्री एक-दीडनंतरच्या त्या पडीक वेळा भरायला लागल्या. इथे गणितच उलटं होतं. प्रकाशक, संगीत कंपनी, व्हिडिओ कंपनी मिळून निर्मिती समिती करायच्या, चॅनेलची वेळ विकत घ्यायच्या आणि मालिका म्हणजे डिस्कची जाहिरात समजून चालवायच्या. दोन-तीन भागांची एक डिस्क पाच-सहा हजार येनांना. अशा डिस्क घेणारे काही हजार निष्ठावंत मिळाले तरी मालिका तरून जायची. १९९८ ची १३ भागांची ‘सीरियल एक्स्पेरिमेंट्स लेन’ याच वेळेत आली. इंटरनेटमध्ये विरघळत जाणाऱ्या अबोल शाळकरी मुलीची ती गोष्ट दुसऱ्या कुठल्या वेळेला कुणी लावली असती? कल्ट ही अशी अर्थशास्त्राची देण आहे. लाखांनी थोडंसं बघण्यापेक्षा हजारांनी भरपूर मोजणं परवडलं, म्हणून विचित्र गोष्टी बनू शकल्या.

परदेशात तर रेघेचा पत्ताच वेगळा. ‘काउबॉय बिबॉप’ १९९८ मध्ये टीव्ही टोकियोवर आली तेव्हा २६ पैकी जेमतेम १२ भाग आणि वर जोडून घातलेला एक खास भाग दाखवून थांबवली गेली. डिसेंबर १९९७ मध्ये पोकेमॉनचा एक लखलखाटाचा भाग बघून शेकडो मुलांना इस्पितळात न्यावं लागलं होतं, नंतर शाळकरी मुलांच्या हिंसेची प्रकरणं गाजली, आणि चॅनेलं धास्तावली होती. पूर्ण मालिका जपानने पैसे भरून बघायच्या वावाव या उपग्रह चॅनेलवर पाहिली. २००१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडल्ट स्विम या कार्टून नेटवर्कच्या मोठ्यांसाठीच्या रात्रीच्या विभागाच्या पहिल्याच रात्री बिबॉप लागली आणि तिथल्या एका पिढीसाठी अ‍ॅनिमे म्हणजे बिबॉप, असं समीकरण झालं. ‘आकिरा’चंही तसंच. १९८८ चा तो कात्सुहिरो ओतोमोंचा चित्रपट मायदेशी मोठ्या थिएटरांत लागलेला, पाश्चात्त्य देशांत मात्र कॅसेटवरून हातोहात फिरून दैवत झाला.

आणि मग ‘डेमन स्लेयर’. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) ‘शोनेन जंप’मधला, म्हणजे १९९०च्या दशकाच्या मध्यात ६५ लाखांवर खप गाठलेल्या, ड्रॅगन बॉल आणि वन पीस देणाऱ्या साप्ताहिकातला. तरी २०१९ मध्ये मालिका लागली ती रात्री उशिरा, टोकियो एमएक्ससारख्या छोट्या वाहिन्यांवर. लोकांनी ती स्ट्रीमिंगवर सवडीने पाहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये तिचा ‘मुगेन ट्रेन’ हा चित्रपट आला, त्याने मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’चा २००१ पासूनचा विक्रम डिसेंबरातच मोडला आणि पुढे ४० अब्ज येनांपलीकडे गल्ला गेला. जपानमधला तोवरचा सर्वांत मोठा धंदा करणारा चित्रपट दर्दींच्या मध्यरात्रीच्या कप्प्यातून निघाला म्हटल्यावर त्या कप्प्याला काय अर्थ उरला?

आपल्याकडे या सगळ्याचा क्रमच उलटापालटा. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं, ते निप्पॉन अ‍ॅनिमेशनचं. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, गाणं गुलजारांचं. हे जपानी आहे असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुढे कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन आणि ड्रॅगन बॉल झी आले, ‘हंगामा’ या वाहिनीवर डोरेमॉन आणि शिनचॅन. शिनचॅन मुळात प्रौढ पुरुषांसाठीच्या मांगा साप्ताहिकातला, इथे तो शाळकरी पोरांच्या दुपारच्या जेवणाबरोबर आला. २००८ मध्ये त्याच्यावर बंदी आली आणि नंतर कात्री लावून तो परतला, यात आश्चर्य नव्हतं. अ‍ॅनिमॅक्स २००४ मध्ये भारतात आलं आणि २०१७ मध्ये टीव्हीवरून गेलं. त्यामुळे इथली विभागणी वेगळीच पडली: हिंदीत डब झालेलं ते पोरांचं, आणि डाउनलोड करून इंग्रजी सबटायटलांसकट बघितलेलं ते ‘खरं’ अ‍ॅनिमे. नारुतो किंवा डेथ नोट जपानमध्ये कितीही घराघरांत पोचलेले असोत, पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलांत ते पेन ड्राइव्हवरून फिरले आणि बघणाऱ्याला आपण दर्दी असल्यासारखं वाटलं. आजही कुणी छातीठोकपणे ‘मी मेनस्ट्रीम बघत नाही’ म्हणालं की मी आधी विचारते, तू पहिलं काय पाहिलंस आणि कशावर पाहिलंस? उत्तरातून आवड कमी आणि साल जास्त कळतं.

२०१९ मध्ये माकोतो शिनकाईंचा ‘वेदरिंग विथ यू’ इथल्या थिएटरांत लागावा म्हणून चाहत्यांना ऑनलाइन सह्यांची मोहीम काढावी लागली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये डेमन स्लेयरचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही लागला, पहाटेच्या खेळांसकट. मराठीत नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत युगो साको आणि राम मोहन यांचा १९९२ चा रामायणावरचा भारत-जपान चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. मधली तीसेक वर्षं तो महोत्सव, टीव्ही आणि घासलेल्या कॅसेट-सीडींवर तग धरून होता. रामायणाइतकी घराघरांतली गोष्ट दुसरी नाही, आणि तिच्यावरचा हा चित्रपट इथे कल्टमध्ये मोडत होता.