एक सेंटिमीटर शांतता

हळदीच्या लागणीबद्दल बोलता बोलता शेतकरी खाकरतो, "म्हंजे आपलं ते हे" म्हणतो आणि मग पुन्हा मुद्द्यावर येतो. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं. त्या काळात असं बोलणं प्रसारणाआधी नेटकं करायचं म्हणजे हाताशी आवाज मुद्रित केलेली पाव इंच रुंदीची तपकिरी फीत आणि एक धारदार ब्लेड.

फितीवर लोहाच्या ऑक्साइडच्या बारीक कणांचा लेप असतो. ती रेकॉर्डिंग हेडच्या, म्हणजे इवल्याशा विद्युतचुंबकाच्या, काही मायक्रॉनच्या फटीवरून सरकते. माइकमधून आलेला प्रवाह जसा कमीजास्त होतो, तसे कण चुंबकित होत जातात. वाजवताना तेच कण दुसऱ्या हेडमध्ये प्रवाह निर्माण करतात. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरनं १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर हे साधलं आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन यंत्र आलं. सुरुवातीचा आवाज खरखरीत होता. क्षीण चुंबकीय क्षेत्राला हे कण सरळ प्रमाणात दाद देत नाहीत. १९४० च्या सुमारास मूळ ध्वनीत कानाला ऐकू न येणारी उच्च वारंवारता मिसळली गेली आणि आवाज एकदम स्वच्छ झाला.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती मात्र कापाकापी. फीत सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर धावते. काळ असा पट्टीनं मोजता येतो! 'प', 'ट', 'क' उच्चारताना तोंड क्षणभर बंद होतं. तो क्षण सेकंदाचा विसावा भाग धरला, तरी फितीवर जवळपास एक सेंटिमीटर शांतता मिळते. रिळं हातानं पुढेमागे फिरवत ती जागा कानानं शोधायची, पेन्सिलीची खूण करायची आणि तिथंच कापायचं. कापही तिरका, ४५ अंशांचा. त्यामुळे एक आवाज सरून दुसरा सुरू व्हायला सेकंदाचा तिसावा भाग मिळतो आणि 'टक्' असा खटका ऐकू येत नाही. मग मागून चिकटपट्टी लावली की झालं.

गाण्यात हे एवढं सोपं नाही. मिरजेत घडलेला तानपुरा मागे अखंड झंकारत असतो. त्यात शांतता सापडणार कुठं? तिथं काप घ्यायचा तर तारांचं आवर्तनही जुळावं लागतं.

फीत गुंडाळून ठेवली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकेच उमटतं, आणि उष्णतेनं ते वाढतं. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तर विचारायलाच नको. मग बोलणं सुरू होण्याआधीच त्याची पुसट चाहूल लागते. बाहेरच्या वेढ्यावरचा ठसा जास्त ठळक असतो, म्हणून वाजवून झालेली फीत उलटी न गुंडाळता शेवटाचं टोक बाहेर ठेवून तशीच कपाटात ठेवायची पद्धत पडली. त्यामुळे ठळक पडसाद मूळ आवाजाच्या मागून येतो आणि पुढच्या बोलण्यात झाकून जातो.