लॉबीतलं जुनं मशीन आणि आमचं थेटर

तिकीटखिडकीच्या बाजूला जे मोठं काळं मशीन ठेवलंय ते काय आहे असं रोज कोणीतरी विचारतं, म्हणून हा कागद छापलाय. इंटरव्हलमधे वाचा नाहीतर घरी घेऊन जा.

ते आमच्या आजोबांचं प्रोजेक्टर. थेटर त्यांनी काढलं, मग वडील आणि काकांनी चालवलं, आता आम्ही भावंडं बघतो. आजोबा वर केबिनमधे आणि आजी खाली तिकिटं फाडायला, वर्षानुवर्षं हेच. नाशिकमधे थेटर चालवतो याचा त्यांना फार अभिमान, कारण दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. ३ मे १९१३ ला मुंबईत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्याच वर्षी ते सगळी मंडळी घेऊन नाशिकला आले, पुढचे पिक्चर इथे बनवले, आणि १९४४ मधे गेले तेही नाशिकलाच. पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक आहे, मुलांना एकदा दाखवाच.

आता मशीनचं. एका सेकंदाला २४ फोटो, म्हणजे अडीच तासाच्या पिक्चरला २ लाख १६ हजार फोटो, आणि फिल्म चार किलोमीटरच्या वर, नाशिकरोडहून सीबीएसला यायच्या साधारण निम्म्या रस्त्याएवढी! ती एका रिळात मावत नाही, दोन हजार फुटाचं रीळ बावीस मिनिटांत संपतं, म्हणून केबिनमधे मशीनं दोन असायची. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जायचा, जुन्या लोकांना आठवत असेल, तो ऑपरेटरसाठी असायचा, पहिला दिसला की दुसरं मशीन चालू करायचं आणि दुसरा दिसला की पिक्चर तिकडे वळवायचा. जमलं तर खाली कोणाला कळतही नसे. दुसरं मशीन भंगारात गेलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

उजेड बल्बचा नव्हता, कार्बनच्या दोन कांड्यांमधे ठिणगी पेटवायची, कांड्या जळून आखूड होतात म्हणून त्या सारख्या जवळ घ्यायच्या, नाहीतर पडदा काळवंडायचा आणि खालून शिट्ट्या. फिल्म मधेच अडकली तर त्या उष्णतेने तिथल्या तिथे करपायची, पडद्यावर तपकिरी डाग पसरताना दिसायचा. मग जळका तुकडा कापून जोड मारायचा आणि पुन्हा चालू. आजोबा उन्हाळ्यातसुद्धा शो संपेपर्यंत केबिन सोडत नसत, पाण्याचा तांब्या आजी वर पाठवायची.

आता सगळं डिजिटल आहे, रिळांच्या पेट्या येत नाहीत.

मशीन बघायचं असेल तर शोच्या पंधरा मिनिटं आधी या आणि डोअरकीपरला सांगा, झाकण उघडून दाखवतो. मुलांना हॅण्डल फिरवू देतो, फक्त लेन्सला बोट लावू देऊ नका.