सांधेदुखीची वेगळी नावे कशी पडली

सांधे धरले की आपण सरसकट 'संधिवात' म्हणतो. युरोपातही बराच काळ असेच चाले. १८०० साली पॅरिसमध्ये लांद्रे-बोव्हे यांनी स्त्रियांमध्ये जास्त आढळणारा, अनेक सांधे सुजवणारा आजार नीट वर्णिला, पण त्यांनाही तो गाउटचाच, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साठून सांधा अचानक सुजवणाऱ्या आजाराचाच, प्रकार वाटला.

गाठ सोडवली लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी. उथळ काचपात्रात रुग्णाच्या रक्तातला द्रव घ्यायचा, त्यात थोडे अ‍ॅसेटिक आम्ल घालायचे, तागाचा धागा बुडवून एक-दोन दिवस न हलवता ठेवायचा. गाउट असेल तर धाग्यावर युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक धरत. लांद्रे-बोव्हे यांनी वर्णिलेल्या आजाराला 'रूमेटॉइड आर्थरायटिस' हे नावही त्यांनीच १८५९ मध्ये दिले. पुढे १९६१ मध्ये गाउटच्या सांध्यातल्या पाण्यात युरेटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे, स्फटिक सूक्ष्मदर्शकात ध्रुवित (पोलराइज्ड) प्रकाशाखाली दिसले. खात्रीची तपासणी आजही तीच, कारण ऐन झटक्यात रक्तातले युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकते. युरिक अ‍ॅसिड कमी करणारे अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर जुने स्फटिक विरघळू लागतात आणि पहिले काही महिने झटके उलट वाढू शकतात. औषध बाधले असे समजून अनेक जण नेमके तेव्हाच ते सोडतात. म्हणून सुरुवात बहुधा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, सोबत झटके आवरणाऱ्या कोल्चिसिनचे संरक्षण आणि लक्ष्य रक्तातले युरिक अ‍ॅसिड ६ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली.

रूमेटॉइडमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. १९४८ मध्ये अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले आणि खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल मिळाले, पण मोठ्या मात्रेचे दुष्परिणामही लगेच दिसले. टिकाऊ उपचाराचा पाया घातला तो प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या मेथोट्रेक्सेटने. अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर तोंड येते, रक्तपेशी घटतात, जिवावर बेतते. चिठ्ठीवर वार लिहून घ्याच.

राहिला झिजेचा ऑस्टिओआर्थरायटिस. सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. रूमेटॉइडमध्ये तो तासाहून जास्त टिकू शकतो. बोटांच्या टोकाजवळचे सांधे झिजेत धरतात, रूमेटॉइडमध्ये बहुधा वाचतात. गुडघा झिजला म्हणून बसून राहिल्यास मांडीचा स्नायू रोडावतो आणि भार थेट सांध्यावर येतो. पाय सरळ ताठ करून पाच सेकंद धरा, दहा वेळा. दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच असेल तर संख्या निम्मी करा, व्यायाम बंद करू नका.