सातारा-सांगलीची पवनपठारे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ज्या सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ सपाटीवर) व माळांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, त्यांचा हा एकत्रित उल्लेख. पाटण तालुक्यातील वनकुसवडे व सडावाघापूर, ठोसेघरच्या वरचे चाळकेवाडी, शिराळ्यातील गुढे-पाचगणी आणि कवठेमहांकाळकडील ढालगाव ही त्यांतली ठळक ठिकाणे. पवनऊर्जेच्या स्थापित क्षमतेत, म्हणजे बसवलेल्या यंत्रांच्या एकूण ताकदीत, भारत जगात चौथा आहे. त्या क्रमांकाची सुरुवातीची उभारणी ज्या मोजक्या भागांत झाली, त्यांत ही पठारे मोडतात.

वनकुसवड्याचे पठार कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, सुमारे 1,150 मीटर उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा घाटमाथा ओलांडून इथे आडवा येतो. वाऱ्यातली शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. त्यामुळे वर्षभराच्या विजेचा मोठा वाटा या चार महिन्यांतच मिळतो. ऐन आषाढात मात्र धुक्यात खांबाचा बुंधा आणि त्यावर रंगवलेला यंत्राचा नंबर तेवढा दिसतो, पाती दिसत नाहीत. वरून येणाऱ्या आवाजावरूनच पंखा फिरतोय हे कळते. ऑक्टोबरात आभाळ निवळते आणि बरेच पंखे थांबलेले दिसतात.

ही यंत्रे उभी राहण्यामागे वाऱ्याइतकीच करसवलत होती. यंत्राच्या किमतीवर पहिल्या वर्षीच मोठा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, खर्च म्हणून दाखवता येई, म्हणून करात सूट हवी असलेले उद्योग पवनचक्कीचे मालक झाले. वीज किती झाली यापेक्षा यंत्र उभे राहिले याला मोल आले, आणि हाच त्या धोरणाचा मोठा दोष. उत्पादित युनिटवर 50 पैसे प्रोत्साहन देण्याची योजना 2009 मध्ये आली, ती उशिराच. 2012 मध्ये दोन्ही सवलती थांबल्या आणि उभारणी एकदम मंदावली. पुढे 2014 मध्ये घसाऱ्याची सवलत परत आली. 2017 पासून केंद्राने लिलाव सुरू केले, म्हणजे सर्वांत कमी दराने वीज देणाऱ्याला काम. पहिल्याच लिलावात दर युनिटला 3.46 रुपयांवर आला आणि नव्या कामांचा ओघ गुजरात-तमिळनाडूकडे वळला.

वनकुसवड्यावरची जुनी यंत्रे बहुतांशी 350 किलोवॉटची आहेत. आजचे एकेक यंत्र दोन-तीन मेगावॉटचे किंवा त्याहूनही मोठे असते. तेव्हा उत्तम वाऱ्याच्या जागा लहान यंत्रांनी अडवल्या आहेत आणि जुनी उतरवून मोठी बसवणे हेच इथले खरे काम आहे. पण मालक अनेक, जमिनीचे करार जुने. त्यात मोबदला, रस्ता आणि ग्रामपंचायतीचा कर यांचे वाद गावोगाव आहेत. ज्यांच्या पडीक माळावर देशाचे उद्दिष्ट उभे आहे, त्यांचा हिस्सा नव्या करारात आधी ठरायला हवा.

2021 मध्ये ग्लासगो हवामान परिषदेत भारताने 2030 पर्यंत 500 गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) जीवाश्मेतर, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून इतर, क्षमता आणि 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन जाहीर केले. निम्मी स्थापित क्षमता जीवाश्मेतर करण्याचे लक्ष्य 2025 मध्येच, पाच वर्षे आधी गाठले. तरी प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांहून अधिक आहे, कारण वारा आणि ऊन आपल्या वेळेनुसार येतात.

इथे कोयना कामाची ठरते. 1,960 मेगावॉटचा हा जलविद्युत प्रकल्प मागणी वाढताच काही मिनिटांत वीज देतो. पावसाळ्यात पठारावर वारा असतो तेव्हा धरणातले पाणी राखता येते. मात्र वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला सोडायच्या पाण्यावर कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, आणि उन्हाळ्यात त्याच पाण्याकडे सांगलीच्या ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे डोळे असतात. पूर्वेकडच्या दुष्काळी शेतापर्यंत पाणी उपसायलाही वीजच लागते; तिचे बिल कोणी भरायचे हा सांगलीतला जुना तंटा आहे.

पाटण तालुक्यातलीच मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. पठारावरची वीज तारांतून ग्रिडला, म्हणजे सामायिक वीजजाळ्याला जाते. मान्याचीवाडीची घराच्या छपरावर तयार होते आणि त्याच घराच्या बिलातून वजा होते.